चार्ज पंपाची एफिशियन्सी ३८ टक्क्यांवर अडली आहे: पायऱ्या किती, कपॅसिटर कोणता?

पऱ्हाटी (आर्वी, जि. वर्धा)
नमस्कार मंडळी. शेतातल्या मातीचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरसाठी छोटी चिप करतो आहोत, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. स्कायवॉटरची खुली १३० नॅनोमीटर प्रोसेस, एक्सस्केममध्ये सर्किट, एनजीस्पाइसमध्ये सिम्युलेशन, मॅजिकमध्ये लेआउट. चिपला सप्लाय १.८ व्होल्ट. सेन्सरच्या ड्रायव्हरला ५ व्होल्ट, २० मायक्रोअँप लागतात. बाहेर कॉइल लावायची नाही, म्हणून चार्ज पंप, म्हणजे कपॅसिटर क्लॉकनं उचलून पायरीपायरीनं व्होल्टेज वाढवणारं सर्किट.

सध्याचं सर्किट: डिक्सन पंप, ५ पायऱ्या, डायोडसारखे जोडलेले लो-व्हीटी (कमी व्होल्टेजला उघडणारे) एनमॉस ट्रान्झिस्टर, दर पायरीला २ पिकोफॅरडचा गेट-ऑक्साइडचा मॉस कपॅसिटर, २० मेगाहर्ट्झचे एकमेकांच्या उलटे दोन क्लॉक. आउटपुट बरोब्बर ५.० येतं. एफिशियन्सी ३८ टक्के. ट्रान्झिस्टरची रुंदी दुप्पट करून पाहिली, निम्मी करून पाहिली, फरक एखाद्या टक्क्याचा. गाइड सरांना ६० च्या आसपास हवी. उन्हाळ्यात डबा तापतो म्हणून ७० अंशांपर्यंत चालायला हवं. कुठं चुकतंय?

रोही_उवाच
५ व्होल्ट पायजे त मोबाईलचा चार्जर लाव ना भौ. कायले एवढा कुटाणा.

गावरान_ट्रान्झिस्टर
@पऱ्हाटी, रुंदीशी खेळून काही होणार नाही. ५ पायऱ्या घेतल्या तिथंच गणित संपलं.

पंपात चार्ज एका पायरीवरून दुसरीवर चढतो आणि प्रत्येक पायरीवर क्लॉकला तेवढाच चार्ज नव्यानं सप्लायमधून ओढावा लागतो. आउटपुटला १ कुलोम पोचवायचा तर एन पायऱ्यांच्या पंपात सप्लायमधून एन अधिक १ कुलोम जातात. यात ट्रान्झिस्टर चांगला की वाईट हा प्रश्नच येत नाही. म्हणून एफिशियन्सीची कमाल मर्यादा = आउटपुट व्होल्टेज ÷ ((एन + १) × सप्लाय). तुझ्यासाठी ५ ÷ (६ × १.८) = ४६.३ टक्के. सोन्याचे ट्रान्झिस्टर लाव, ४७ येणार नाहीत.

आता उरलेलं. ३८ टक्के म्हणजे सप्लायमधून १४६ मायक्रोअँप. त्यातले ६ × २० = १२० अटळ. वरचे २६ जातात कपॅसिटरच्या खालच्या प्लेटची जमिनीशी (ग्राउंडशी) असलेली पॅरासिटिक, म्हणजे नको असताना तयार होणारी, कपॅसिटन्स दर सायकलला भरण्या-रिकामी करण्यात. मॉस कपॅसिटर आहे, ती ७ टक्के धर: ०.०७ × ५ × २ पिको × २० मेगा × १.८ = २५.२. जुळलं.

आणि आउटपुट: ६ × १.८ = १०.८. त्यातून लोडमुळे पडणारे ५ × २० मायक्रो ÷ (२० मेगा × २ पिको) = २.५ वजा, राहिले ८.३. हातात येतात ५. म्हणजे सहा डायोडांनी मिळून ३.३ खाल्ले, दर डायोड ०.५५. पाच पायऱ्या तुला लागल्या त्या या डायोडांना पोसायला.

पऱ्हाटी
बाप रे. ४६ ची मर्यादा डोक्यातच आली नव्हती. पण मग ०.५५ कशाला पडतात? लो-व्हीटी आहेत ना.

मृगधारा
बॉडी इफेक्ट. एनमॉसची बॉडी जमिनीला बांधलेली, सोर्स मात्र पायरीगणिक वर जातो. जितका वर, तितका थ्रेशोल्ड, म्हणजे ट्रान्झिस्टर उघडायला लागणारं व्होल्टेज, वाढतो. पहिल्या डायोडवरचा आणि सहाव्या डायोडवरचा ड्रॉप वेगवेगळा मोजून पाहा, ०.५५ ही सरासरी आहे. म्हणून डिक्सनमध्ये पायऱ्या वाढवत गेलं की शेवटची पायरी जवळजवळ काहीच भर घालत नाही.

उपाय: डायोड काढून टाका, क्रॉस-कपल्ड पेशी घ्या. दोन एनमॉस, दोन पीमॉस, दोन पंपिंग कपॅसिटर, दोन उलटे क्लॉक. एका बाजूचा नोड वर गेला की तो समोरच्या एनमॉसचं गेट पूर्ण उघडतो, त्यामुळे थ्रेशोल्डचा ड्रॉप राहतच नाही. अशा पेशी एकामागे एक जोडायच्या. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या दोन टोकांत फार तर एक सप्लाय इतकंच व्होल्टेज येतं. एनमॉस डीप एन-वेलमध्ये ठेवून बॉडी त्या पायरीच्या इनपुटला बांधा, पीमॉसची एन-वेल त्या पायरीच्या आउटपुटला.

बोंडअळी
कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन का नाही? १९३२ मध्ये त्यावर अणू फोडला, आपल्याला तर ५ व्होल्टच पाहिजेत.

गावरान_ट्रान्झिस्टर
@बोंडअळी, त्यात कपॅसिटर एकावर एक सिरीजमध्ये असतात. टेबलावर चालतं, कारण तिथं कपॅसिटर मोठे आणि स्ट्रे (पॅरासिटिक) कपॅसिटन्स त्यांच्यापुढे नगण्य. चिपवर कपॅसिटर पिकोफॅरडात आणि स्ट्रे त्याच्या काही टक्के, त्यामुळे वर चढता चढता सगळं गळून जातं. शिवाय पायऱ्या वाढल्या की त्याचा आउटपुट रेझिस्टन्स साधारण घनाच्या पटीत वाढतो, डिक्सनचा सरळ पटीत: एन ÷ (एफ × सी), एफ म्हणजे क्लॉकची फ्रिक्वेन्सी, सी म्हणजे दर पायरीचा कपॅसिटर. डिक्सननं १९७६ मध्ये नेमकं हेच केलं, कपॅसिटर सिरीजमधून काढून प्रत्येकाचं एक टोक थेट क्लॉकला जोडलं. त्याला एमएनओएस (वीज गेली तरी डेटा टिकवणाऱ्या) मेमरीसाठी चिपच्या आतच जास्त व्होल्टेज हवं होतं.

पण त्याची किंमत आहे आणि ती @पऱ्हाटीच्या लक्षात आलेली दिसत नाही. डिक्सनमध्ये जितकी वरची पायरी, तितकं तिच्या कपॅसिटरवर जास्त व्होल्टेज. शेवटच्या कपॅसिटरवर तुझ्याकडे ३ व्होल्टच्या वर आहेत. आणि कपॅसिटर कोणता? १.८ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरचं पातळ ऑक्साइड.

संत्राबर्फी
एनजीस्पाइसमध्ये ऑक्साइड फुटत नाही बापा. चिपमध्ये फुटते.

पऱ्हाटी
हे खरंच सुटलं होतं. मॉस कपॅसिटर घेतला तो क्षेत्रफळासाठी. मिमपेक्षा (धातूच्या दोन प्लेटांमधल्या कपॅसिटरपेक्षा) चौपट दाट पडतो.

मृगधारा
पातळ ऑक्साइडचा साधारण ८ फेम्टोफॅरड दर चौरस मायक्रॉन आणि या प्रोसेसच्या मिमचा २, म्हणून चौपट. पण मिमचे दोन थर आहेत, धातू ३ वर एक आणि धातू ४ वर एक. एकावर एक ठेवून समांतर जोडले की त्याच जागेत ४ मिळतात. खाली सब्स्ट्रेटपासून अंतर जास्त, म्हणून पॅरासिटिकही कमी. मॉसचे ५ ते १० टक्के असतात, मिमचे १ ते ३ धरून चाला. तरी हिशेब ५ नं करा, कारण तारांचीही त्यात भर पडते. जाड ऑक्साइडचा ५ व्होल्टचा मॉस कपॅसिटर हा तिसरा पर्याय, पण पॅरासिटिकच्या बाबतीत तो पातळ्याचाच भाऊ.

आणि एक गोष्ट नव्वद टक्के विद्यार्थी उलटी करतात: मिमची खालची प्लेट क्लॉकच्या ड्रायव्हरला जोडायची, वरची प्लेट पंपाच्या नोडला. पॅरासिटिक जास्त असतं खालच्या प्लेटला. ते ड्रायव्हरवर पडलं तर नुसती पॉवर जाते. पंपाच्या नोडवर पडलं तर क्लॉकची उडीच कमी होते, सी ÷ (सी + स्ट्रे) या प्रमाणात, आणि तो तोटा प्रत्येक पायरीवर पुन्हा होतो.

रोही_उवाच
हा पंप मोठा करून झटका मशीन बनते काय? सोलरची महाग पडते.

संत्राबर्फी
@रोही_उवाच, सगळे कपॅसिटर मिळून ४ पिकोफॅरड धर, ५ व्होल्टला त्यात ५० पिकोज्यूल ऊर्जा. कुंपणाच्या एका झटक्याले १ ज्यूल धर. म्हणजे एका रोह्यासाठी (नीलगायीसाठी) २००० कोटी चिपा. रानडुक्कर आलं त अजून मागवा.

बोंडअळी
आणि तोवर त्यानं सोयाबीन खाऊन घेतलेलं.

गावरान_ट्रान्झिस्टर
गंमत बाजूला. झटका मशीनमध्ये आधी काही शे व्होल्टपर्यंत मोठा कपॅसिटर भरतात, मग थायरिस्टरनं तो पल्स ट्रान्सफॉर्मरमध्ये एकदम रिकामा करतात, साधारण सेकंदाला एकदा. सुरक्षितता आहे ती त्या एका पल्सच्या मोजक्या ऊर्जेत आणि मधल्या रिकाम्या वेळेत. याऐवजी थेट लाइनचा करंट तारेला सोडतात, तो गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मरतात. धाग्याचा विषय तो नाही, तरी इथं वाचणारे शेतकरी आहेत म्हणून लिहिलं.

आता पायऱ्यांचा हिशेब, ज्यासाठी धागा काढला. आदर्श स्विच धरू, म्हणजे क्रॉस-कपल्ड. हवी ती एफ × सी = एन × लोड ÷ ((एन + १) × सप्लाय − आउटपुट). सप्लायचा करंट = (एन + १) × लोड + पॅरासिटिकचा अंश × एन × एफ × सी × सप्लाय. २० मेगाहर्ट्झला, पॅरासिटिक ५ टक्के:

२ पायऱ्या: शिल्लक ५.४ − ५ = ०.४ व्होल्ट. दर पायरी ५ पिको, एकूण १०. करंट ६० + १८ = ७८. एफिशियन्सी ७१ टक्के.

३ पायऱ्या: शिल्लक २.२. दर पायरी १.३६ पिको, एकूण ४.१. करंट ८० + ७.४ = ८७.४. एफिशियन्सी ६३.६.

४ पायऱ्या: शिल्लक ४. दर पायरी १ पिको, एकूण ४. करंट १०७. एफिशियन्सी ५२.

म्हणजे ४ पायऱ्यांत काही अर्थ नाही, जागा तेवढीच आणि टक्के कमी. सूत्रांतूनही हेच निघतं. कमीत कमी कपॅसिटरसाठी पायऱ्या = २ × (आउटपुट ÷ सप्लाय − १), इथं ३.५६. कमीत कमी करंटसाठी (१ + √(पॅरासिटिकचा अंश ÷ (१ + तो अंश))) × (आउटपुट ÷ सप्लाय − १), इथं २.१७. खरा खेळ २ आणि ३ मध्ये आहे.

मोहफूल (गडचिरोली)
पॅरासिटिक १० टक्के घेऊन पाहा, निकाल उलटतो. २ पायऱ्या: ६० + ३६ = ९६, ५७.९ टक्के. ३ पायऱ्या: ८० + १४.७ = ९४.७, ५८.७ टक्के. कारण २ पायऱ्यांत शिल्लक फक्त ०.४ व्होल्ट राहते, म्हणून कपॅसिटर फुगवावा लागतो आणि त्याच्यासोबत पॅरासिटिकही फुगतं. "पायऱ्या कमी म्हणजे एफिशियन्सी जास्त" हे चांगला कपॅसिटर असेल तरच खरं.

पऱ्हाटी
मिम घेतला तर ५ टक्के. मग २ पायऱ्या, ७१ टक्के. सर खूश.

वाशीमकर
थांबा. १.८ व्होल्ट हे नेहमी १.८ असतात का? सप्लायला ±१० टक्के धरायची पद्धत आहे. १.६२ वर ३ × १.६२ = ४.८६. लोड नसतानाही ५ होणार नाहीत, कपॅसिटर कितीही मोठा घ्या. २ पायऱ्या बाद.

मोहफूल
बरोबर. कागदावर ७१ दिसतं, शेतात बॅटरी उतरली की शून्य.

अवकाळी
@पऱ्हाटी, एफिशियन्सी मोजता कशी ते सांगितलं नाही. क्लॉक एनजीस्पाइसचा आदर्श पल्स सोर्स असेल आणि मोजणी फक्त १.८ व्होल्टच्या सोर्सची असेल, तर चक्क २७८ टक्के येतील: इनपुट २० × १.८ = ३६ मायक्रोवॅट, आउटपुट १००. बाकीची ऊर्जा क्लॉकच्या सोर्समधून येते आणि ती कुणी मोजत नाही. गावरानभाऊंचा हिशेब जुळला म्हणजे तुम्ही ती धरलेली दिसते. तरी खरा ड्रायव्हर आणि रिंग ऑसिलेटर (क्लॉक तयार करणारं सर्किट) १.८ च्याच सोर्सवर टाका आणि फक्त त्या एका सोर्सचा करंट मोजा.

सरासरी पूर्ण सायकलींवर घ्या आणि आउटपुट स्थिरावल्यावर घ्या. आउटपुटचा कपॅसिटर अजून भरत असताना घेतलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. टाइमस्टेपची कमाल ०.१ नॅनोसेकंद बांधून द्या, नाहीतर क्लॉकच्या कडा हुकतात. ट्रॅपेझॉइडल पद्धतीत पंपाच्या नोडवर खोटी थरथर दिसली तर गिअर पद्धत लावून पाहा. शेवटी मॅजिकमधून पॅरासिटिक काढून तेच सिम्युलेशन परत चालवा. तोवर आलेला आकडा कुणाला सांगू नका.

पऱ्हाटी
क्लॉकचे सोर्स धरले होते, पण ड्रायव्हर आणि ऑसिलेटर नव्हते. म्हणजे ३८ पण फुगलेले होते.

बोंडअळी
लग्नाच्या बायोडाटातल्या पगारासारखे.

मृगधारा
क्लॉकबद्दल. क्रॉस-कपल्डमध्ये दोन्ही क्लॉक एकाच वेळी अर्ध्यावर असले की चारही ट्रान्झिस्टर थोडे थोडे उघडे राहतात आणि आउटपुटचा चार्ज मागे वाहतो. डिक्सनच्या डायोडला हा त्रास नव्हता, तो उलटा जाऊच देत नाही. दोन उलटे क्लॉक साध्या इन्व्हर्टरनं काढले तर एकाला एका गेटचा उशीर होतो आणि कडा ओव्हरलॅप होतात. कडा जितकी लांब, तितकी गळती जास्त. दोन नॉर गेट एकमेकांत अडकवून, मध्ये दोन-तीन इन्व्हर्टरचा उशीर देऊन नॉन-ओव्हरलॅप क्लॉक काढा. मधली फट शक्य तितकी लहान ठेवा, दोन्ही क्लॉक खाली असले की पीमॉस उघडेच असतात.

ड्रायव्हर: पायरीगणिक तीन-चारपट मोठे होत जाणारे इन्व्हर्टर. शेवटच्या इन्व्हर्टरमध्ये पीमॉस-एनमॉस एकत्र उघडून सप्लायमधून सरळ जमिनीत करंट जाणं, हा खर्च सिम्युलेशनमध्ये वेगळा मोजा.

वाशीमकर
स्विचची रुंदी किती? वर म्हटलंय की दुप्पट-निम्मी करून फरक पडला नाही, तो का ते सांगा कोणीतरी.

मृगधारा
अर्ध्या सायकलमध्ये, म्हणजे २५ नॅनोसेकंदांत, कपॅसिटर पूर्ण भरतो का, एवढाच प्रश्न आहे. १.४ पिको आणि स्विच २ किलोओम घेतला तर टाइम कॉन्स्टंट २.८ नॅनोसेकंद. २५ नॅनोसेकंदांत नऊ वेळा बसतो. ४ किलोओम केला तरी साडेचार वेळा, म्हणजे जवळपास ९९ टक्के भरला. या भागात पंपाचा आउटपुट रेझिस्टन्स एन ÷ (एफ × सी) नंच ठरतो, स्विचनं नाही, म्हणून रुंदी वाढवून काहीच हाती लागत नाही. उलट गेट चालवायचा चार्ज वाढतो. रुंदी कमी करत जा आणि आउटपुट एखादा टक्का पडायला लागलं की थांबा. २० मायक्रोअँपला काही मायक्रॉन पुरतात.

रोही_उवाच
मले एवढंच समजलं का रुंदी कमी करा लागते. माया पोटाचीही.

अवकाळी
स्टार्टअप विसरू नका. सुरुवातीला आउटपुट शून्यावर असतं आणि पीमॉसची एन-वेल त्या आउटपुटलाच बांधलेली. पीमॉसचं दुसरं टोक १.८ वर गेलं की ते पी-एन जंक्शन फॉरवर्ड होतं, करंट सब्स्ट्रेटमध्ये जातो, लॅच-अपला (चिपच्या आत सप्लाय-जमीन शॉर्ट होण्याला) आमंत्रण. दोन गोष्टी करा: आउटपुटला सप्लायपासून एक डायोड, म्हणजे आउटपुट आधीच वर आलेलं असतं. आणि ५ व्होल्ट तयार झाल्यावरच लोड जोडा. प्रत्येक पीमॉसभोवती गार्ड रिंग.

मोहफूल
तापमान. डब्यात ७० अंश म्हणजे २७ पासून ४३ अंश वर. गळतीचा करंट साधारण दर १० अंशांना दुप्पट धरला तर १६ ते २० पट. लो-व्हीटी ट्रान्झिस्टरची गळती मुळातच जास्त, म्हणून पंप बंद असताना आउटपुटचा चार्ज त्यांच्यातूनच मागे जाईल. क्रॉस-कपल्डमध्ये लो-व्हीटीची गरजच नाही, साधे घ्या. शिवाय रिंग ऑसिलेटर तापमान आणि सप्लायप्रमाणे सरकतो. स्लो कोपरा (ट्रान्झिस्टर सर्वांत मंद निघाले असं धरून), ७० अंश, १.६२ व्होल्ट इथं २० चे १४ मेगाहर्ट्झ झाले असं धरून कपॅसिटर काढा.

गावरान_ट्रान्झिस्टर
मग काढूनच टाकू. ३ पायऱ्या, १.६२ व्होल्ट: ६.४८ − ५ = १.४८ शिल्लक. एफ × सी = ३ × २० ÷ १.४८ = ४०.५ मायक्रो. १४ मेगाहर्ट्झला दर पायरी २.९ पिको, ३ घ्या. एकूण ९ पिको. मिमचा एकच थर तर ४५०० चौरस मायक्रॉन, ६७ बाय ६७. दोन थर तर ४७ बाय ४७. क्रॉस-कपल्डमध्ये दर पायरीला दोन कपॅसिटर असतात, तेव्हा हे ३ दोघांत वाटून १.५–१.५ करायचे.

शेवटच्या कपॅसिटरवर ४ व्होल्टच्या जवळ येतील. मिमची मर्यादा त्या प्रोसेसच्या नियमांत पाहून घे, अंदाजानं नको.

पऱ्हाटी
पण मग नेहमीच्या १.८ आणि २० मेगाहर्ट्झला हा पंप गरजेपेक्षा मोठा होईल ना?

गावरान_ट्रान्झिस्टर
होईल. ५ व्होल्टला ४४ मायक्रोअँप देऊ शकेल, लोड २० चा. मोकळा सोडला तर आउटपुट ५ च्या वर ६ पार जाईल आणि ड्रायव्हरचा जीव जाईल. वरचं व्होल्टेज झेनरसारख्या क्लॅम्पनं जाळणं हा सर्वांत वाईट मार्ग. कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारं सर्किट) लाव. आउटपुट ५ च्या वर गेलं की क्लॉक थांबव, खाली आलं की सुरू. साधारण ४५ टक्के वेळच क्लॉक चालेल आणि पॅरासिटिकचा खर्चही त्या प्रमाणात उतरेल. म्हणजे कपॅसिटर मोठा घेतल्याची शिक्षा टक्क्यांत बसत नाही.

मृगधारा
कम्पॅरेटरसाठी आउटपुटवर डिव्हायडर लागतो, तिथं लोक फसतात. १ मेगओमचा डिव्हायडर ५ मायक्रोअँप खातो, म्हणजे लोडचा चौथा हिस्सा. १० मेगओमचा अर्धा मायक्रोअँप खातो, पण पॉलीसिलिकॉनमध्ये जागा खूप घेतो. डायोडसारख्या जोडलेल्या पीमॉसची साखळी करा, प्रत्येकाची बॉडी स्वतःच्या सोर्सला. जागा नगण्य, करंट नॅनोअँपात. फक्त वेग कमी असतो, म्हणून वरच्या पीमॉसला समांतर छोटा कपॅसिटर द्या.

रिपल (आउटपुटची वर-खाली): २५ नॅनोसेकंदांत २० मायक्रोअँप म्हणजे अर्धा पिकोकुलोम. आउटपुटला १० पिको असतील तर ५० मिलिव्होल्ट. दोन्ही बाजूंनी पंप होत असल्यानं प्रत्यक्षात कमी. पण क्लॉक थांबवा-चालू करा पद्धतीत कम्पॅरेटरच्या उशिरामुळे वाढतो. सेन्सरला किती चालतो?

पऱ्हाटी
५० मिलिव्होल्ट चालतो. तसंही ५ व्होल्ट दर १५ मिनिटांनी एकदाच लागतात, १० मिलिसेकंद.

वाशीमकर
काय???

संत्राबर्फी
हे आधी सांगा लागते ना बापा. सगळा गाव जागवून ठेवला.

मोहफूल
मग गणितच बदललं. बाहेर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावता येतो का? २० मायक्रोअँप × १० मिलिसेकंद = ०.२ मायक्रोकुलोम. १ मायक्रोफॅरडवर व्होल्टेज फक्त ०.२ नं पडेल, आणि तो वेळ पंप बंद ठेवला तरी चालेल, म्हणजे मोजणीच्या वेळी क्लॉकचा गोंगाटही नाही. भरायला ५ मायक्रोकुलोम, २० मायक्रोअँपनं पाव सेकंद. ९०० सेकंदांत ०.२६ सेकंद काम, ८७ मायक्रोअँप. सरासरी २५ नॅनोअँप. पंप ६३ टक्क्यांचा असो की ३८ चा, सरासरीत फरक १५-१७ नॅनोअँपचा. झोपेतल्या चिपची गळती ७० अंशांना त्यापेक्षा जास्त निघाली तर इतका वेळ आपण कशावर भांडत होतो?

गावरान_ट्रान्झिस्टर
@मोहफूल, अर्धं पटलं. बाहेरचा कपॅसिटर शून्यापासून भरला तर पंपातून आलेल्या ऊर्जेची निम्मी भरतानाच जाते, पंप कितीही चांगला असो. म्हणून वर अवकाळींनी सांगितलेला सप्लायपासूनचा डायोड इथं दुप्पट कामाचा, १.८ वजा ड्रॉपपर्यंत तो फुकटात भरून देतो. आणि १५ मिनिटं चार्ज टिकेल ही आशा नको. चांगल्या सिरॅमिकचा इन्सुलेशन रेझिस्टन्स साधारण ५०० ओम-फॅरड असतो, म्हणजे १ मायक्रोफॅरडला ५०० सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. त्यावर पंपातून मागे होणारी गळती.

कपॅसिटर एक्स-७-आर, १६ व्होल्ट, ०८०५ घ्या. ६.३ व्होल्टचा इवलासा ०४०२ घेतला तर ५ व्होल्ट बायसला त्यातली निम्मीही कपॅसिटन्स उरेल याचा भरवसा नाही.

पऱ्हाटी
बाहेरचा कपॅसिटर चालेल, एक पिन शिल्लक आहे. पण सरांना टक्के दाखवावे लागतातच.

वाशीमकर
दोन्ही दाखवा. एका ओळीत टक्के, दुसऱ्या ओळीत सरासरी नॅनोअँप. दुसरी ओळ बॅटरीला समजते.

अवकाळी
चिप येण्याआधी टेबलावर तत्त्व पाहायचं असेल तर ७४एचसी१४ ची एक आयसी पुरते. एका गेटवर १० किलोओम आणि १ नॅनोफॅरडचा ऑसिलेटर, साधारण १०० किलोहर्ट्झ, आयसीगणिक थोडा फरक. दोन गेट समांतर पहिल्या क्लॉकला, त्यांच्या आउटपुटवरून दोन गेट समांतर उलट्या क्लॉकला. राहिलेल्या गेटचं इनपुट जमिनीला बांधा, मोकळं सोडू नका. ४१४८ चे चार डायोड, ५० व्होल्टचे १०० नॅनोफॅरडचे तीन कपॅसिटर, आउटपुटला १ मायक्रोफॅरड. सप्लाय ५ व्होल्ट. लोड नसताना १७.६ च्या आसपास. १० किलोओम लावला की १७ च्या जवळ, कारण ३ ÷ (एफ × सी) = ३०० ओम. सप्लायच्या वायरीत मीटर टाका, लोडच्या चौपट करंट दिसेल, वर ऑसिलेटरचा स्वतःचा थोडा. एन अधिक १ चा नियम डोळ्यांनी पटतो. मग कपॅसिटर १० नॅनोचे करा, ३०० चे ३००० ओम होतील आणि आउटपुट सरळ खाली येईल.

एक इशारा: खऱ्या चिपवर मोजताना दहापटीचा प्रोब वापरा. १० मेगओम म्हणजे अर्धा मायक्रोअँप, तेवढं चालतं. एकपटीवर ठेवला तर ५ मायक्रोअँप प्रोबच पिऊन टाकतो आणि दोष डिझाइनवर येतो.

रोही_उवाच
सामान सगळं नागपूरहून आणा लागन काय?

संत्राबर्फी
हाव. पण १४ च्या जागी ०४ घेऊन नको येजो, त्यात श्मिट नसते. मंग ऑसिलेटर कायचा होते.

पऱ्हाटी
अपडेट. ३ पायऱ्या, क्रॉस-कपल्ड, मिमचे दोन थर, नॉन-ओव्हरलॅप क्लॉक, कम्पॅरेटर. ड्रायव्हर, ऑसिलेटर, कम्पॅरेटर सगळं धरून १.८ व्होल्ट, २७ अंशांना ५७ टक्के. लेआउटमधून पॅरासिटिक काढल्यावर ५४. स्लो कोपरा, ७० अंश, १.६२ व्होल्टला आउटपुट ४.९७ वर अडकतं.

मोहफूल
४.९७ म्हणजे ऑसिलेटर १४ च्याही खाली गेलाय, किंवा पंपाच्या नोडवर तारांचं स्ट्रे जास्त आहे. आधी त्या कोपऱ्यात फ्रिक्वेन्सी वाच. ती १४ असेल तर पंपाच्या नोडची धातूची तार आखूड कर, मिम स्विचच्या अगदी डोक्यावर आण.

पऱ्हाटी
फ्रिक्वेन्सी १४.२. तार लांब आहे, मिम एका बाजूला रांगेत ठेवले होते.

मृगधारा
रांग मोडा. आणि वरची प्लेट नोडला, हे पुन्हा एकदा तपासा.

पऱ्हाटी
...दुसऱ्या पायरीत उलटी लागलीय.